आंबलेल्या ज्वारीचा वास

माझ्यावर ज्या माणसाचे सगळ्यांत मोठे उपकार आहेत, त्याचं नाव गोदावरी. मी तिला गोदाआत्या म्हणतो. वडिलांची ही थोरली बहीण, नवऱ्याने टाकलेली, अक्षराची ओळख नसलेली. आईवडील एका वर्षाच्या अंतराने गेल्यावर सोलापूरकडच्या आमच्या आडगावात तिने मला वाढवलं, तालुक्याच्या शाळेत घातलं, जिल्ह्याच्या कॉलेजात पाठवलं, आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या हाती आली तेव्हा ती गुंडाळी उघडून तिच्यावरून नुसता हात फिरवला. हे सगळं तिने कशाच्या जोरावर केलं, ते मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आत्या दारू गाळायची. एवढं साधं वाक्य लिहायला मला सातासमुद्रापार यावं लागलं.

तिच्या लुगड्याला एक वास असे. काळ्या गुळाचा, नवसागराचा, आणि त्या दोहोंच्या तळाशी आंबलेल्या धान्याचा जड, ओलसर वास. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. गाव तिला मिलो म्हणे. तिची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि चावताना तोंडात भुसा व्हायची. आत्याने दोन दिवस ती खाऊन पाहिली आणि तिसऱ्या दिवशी डेऱ्यात भिजत घातली. पुढे दुष्काळ सरला, मिलो गेली, तरी त्या डेऱ्याचा वास माझ्या नाकातून गेला नाही. वर्गात कुणी शेजारी येऊन बसलं की माझ्या सदऱ्याला तो येत असेल, या धास्तीने मी अंग चोरून बसत असे. मला त्या वासाचा राग होता. ज्याच्यावर आपण पोसलो त्याचाच राग येणं यासारखा दुसरा चिवट राग नाही. तो उपकाराच्या मुळाशीच रुजतो आणि त्याच ओलीवर वाढतो.

आणि योग असा, की मी शिकायला आलो तो मिलोच्याच मुलखात. कॅन्ससमधल्या त्या विद्यापीठाच्या गावाभोवती सप्टेंबरात विटकरी कणसांची शेतं क्षितिजापर्यंत पसरलेली असत. संध्याकाळचं तिरपं ऊन त्यांच्यावर पडलं की सगळी जमीन मंद निखाऱ्यासारखी दिसे, आणि रेल्वेच्या कडेला उभ्या असलेल्या धान्याच्या उंच पांढऱ्या कोठारांतून सुकल्या दाण्यांची धूळ वाऱ्यावर येई. ऐंशीच्या दशकातल्या त्या गावात भाकरीचं पीठ मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून मी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गेलो आणि एक पोतं मिलो मागितली. दुकानदाराने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गाई किती आहेत तुझ्याकडे?"

"एकच," मी म्हणालो. "दोन पायांची."

तो पोट धरून हसला. "गेल्या आठवड्यात एक काळी मुलगी येऊन असंच पोतं घेऊन गेली. तिच्याकडेही गाय नव्हती. तुम्हा लोकांचं चाललंय तरी काय?"

ती थांडेका. दक्षिण आफ्रिकेची, आमच्याच अन्नशास्त्र विभागातली, माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे. उंच, संथ चालीची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर न काढणारी. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, मी दुसऱ्या. प्रयोगशाळेत लाल दाणा हातात घेऊन आम्ही दोघं सारख्याच सवयीने तो दाताखाली फोडून पाहत असू, आणि आमचे मार्गदर्शक प्राध्यापक लांबून म्हणत, "अरे, त्यातलं थोडं डुकरांना राहू द्या." अशा वेळी आम्ही एकमेकांकडे पाहत असू. त्या पाहण्यात मैत्री होती असं मी म्हणू शकलो असतो, पुढचं काही घडलं नसतं तर.

त्या शरद ऋतूत तिने विभागापुढे एक व्याख्यान दिलं. विषय तिच्या आजीच्या ज्वारीच्या बिअरचा. दाणे भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, शिजवलेल्या पातळ लापशीत मिसळून आंबू द्यायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवताच्या गाळणीतून गाळून, फसफसतं आहे तोवर प्यायचं. गढूळ, गुलाबीसर तपकिरी, आंबट, भूक भागवणारं पेय. ते बायकांनीच करायचं. करणारीने पहिला घोट स्वतः घ्यायचा, आत काही वाईट नाही हे दाखवायला. मग मातीचं भांडं हातोहात फिरायचं, आणि पुरुषांनी टोपी काढून, बसूनच प्यायचं. घरात कुणी गेलं की वर्षाने बिअर करून पूर्वजांच्या कोपऱ्यात ठेवायची. त्याशिवाय गेलेला माणूस घरी परतत नाही.

मग तिने पुढचं सांगितलं. गोऱ्यांची शहरं वसली, तशी हीच बिअर बाईने घरी केली तर गुन्हा ठरली आणि नगरपालिकेने केली तर महसूल. नगरपालिकांनी पिण्याचे मोठमोठे गुत्ते बांधले, आणि त्यांच्या उत्पन्नातून काळ्या वस्त्यांचा कारभार चालवला. म्हणजे माणसाने पिऊन स्वतःवरच्याच पहाऱ्याचा खर्च भरायचा. बायका काठ्या घेऊन त्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि आतल्या पुरुषांना त्यांनी झोडपून बाहेर काढलं. पुढे त्यांच्या नातवंडांनी तेच गुत्ते जाळले. आणि आता, ती म्हणाली, तीच बिअर पुठ्ठ्याच्या डब्यांत दुकानात मिळते. पण कारकुनी करणारा माणूस चारचौघांत हातात काचेची बाटली धरतो, पारदर्शक, विलायती बिअरची. गढूळ बिअरचा डबा ज्याच्या हातात दिसेल, तो खाणीतला हमाल समजावा. "आमचंच पेय," ती म्हणाली, "आधी आमच्यापासून चोरलं आणि मग आमच्याच नजरेतून उतरवलं."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं होतं. एका विद्यार्थ्याने विचारलं, की याच्यापासून डुकरांचं खाद्य वेगळं कसं ओळखायचं. या उर्मट माणसांची मला चीड यायला हवी होती. मला चीड आली तिची. चारचौघांत उभी राहून, ताठ मानेने, आजी दारू करायची असं ती सांगत होती. इतकं सोपं असतं का ते? मी उठलो, आणि तालुक्याच्या शाळेत व्यसनमुक्तीच्या वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या आवाजात म्हणालो, की शेवटी दारू ती दारूच. तिच्यामागे पूर्वज आणि इतिहास उभे केले म्हणून उद्ध्वस्त झालेली घरं पुन्हा उभी राहत नाहीत.

थांडेकाने मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "तुझ्या घरात कुणी करत होतं का, दत्ता?"

"नाही," मी म्हणालो. "माझी आत्या खानावळ चालवते."

शनिवारी मी तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरकाकांकडे जेवायला जात असे. काका फार प्रेमळ, आणि काकूंच्या हातच्या आमटीसाठी मी आठवडाभर जीव धरून राहायचो. त्या शनिवारी मी व्याख्यानाची गोष्ट सांगितली, आणि माझ्या तोंडून ती विनोदी होऊनच बाहेर पडली. काकांच्या हातातल्या स्कॉचच्या ग्लासात बर्फ खळखळला.

"ज्वारीची बिअर! अगं ऐकलंस का? हा मिलोची भाकरी खातो आणि ती मिलो पिते. तुमचं लग्नच लावून देऊ यार!"

"पुरे हं," काकू म्हणाल्या. "तो बिचारा चहासुद्धा अर्धा कप घेतो. चांगल्या घरचा मुलगा आहे." आणि त्यांनी माझ्या पानात दुसरी पोळी वाढली. मी ती चांगल्या घरच्या मुलासारखी खाल्ली.

वसतिगृहाच्या तळघरात सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर होतं, आणि मी पीत नाही, धिंगाणा करत नाही, म्हणून त्याची किल्ली माझ्याकडे सोपवलेली होती. ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी दुपारी व्यवस्थापक बाईंचा फोन आला, की खालून काहीतरी सडल्याचा वास येतो अशी तक्रार आहे. जाऊन पाहा आणि कुणी काही ठेवलं असेल तर मला कळव. त्या एवढंच म्हणाल्या होत्या. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी जे केलं त्याचा हुकूम मला कुणीही दिला नव्हता.

दार उघडलं आणि तो वास आला. बाहेर मेपलची पानं पिवळी होऊन गळत होती, उंच खिडकीतून येणारा उजेड मधासारखा दाट होता, आणि त्या परक्या उजेडात माझ्या आत्याच्या लुगड्याचा वास उभा होता. एका क्षणात माझ्या अंगावर घामाने चिकटलेला सदरा आला, वर्गातला बाक आला. हीटरच्या मागे, घोंगडीत गुंडाळलेली एक मोठी पांढरी बादली होती. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली: "हे माझ्या आजीसाठी आहे. रविवारी नेईन. कृपा करून हात लावू नका. थांडेका."

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं, घरी जाण्याची तिला सोय नव्हती, आणि त्या रविवारी तिच्या घरचे तिकडे आजीसाठी बिअर ठेवणार तेव्हा ती इकडे ठेवणार होती, हे सगळं मला ठाऊक होतं. तिनेच प्रयोगशाळेत सांगितलं होतं. झाकण उघडलं. आत तपकिरी फेस हळूहळू श्वास घेत होता. मी बादली उचलली, मोरीच्या भांड्याच्या काठाला टेकवली आणि सावकाश ओतायला लागलो. दाण्यांची टरफलं जाळीवर साचली, तेव्हा ती बोटांनी बाजूला सारून वाट करून दिली. शेवटी नळ सोडून बादली विसळलीसुद्धा.

मागे वळलो तर थांडेका दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. हातात नायलॉनची एक नवी गाळणी होती.

"चिठ्ठी वाचलीस?"

"वाचली," मी म्हणालो. "इथे हे करायला बंदी आहे. नियम आहे."

"असतोच," ती म्हणाली. ती जवळ आली, तिने मोरीत पाहिलं, मग फरशीकडे. "छान ओततोस तू. एक थेंब बाहेर नाही. आमच्याकडचे शिपाई बूट भिजवून घ्यायचे. तू हे कुठेतरी नीट पाहिलेलं दिसतंय."

तिने घोंगडीची घडी घातली, बादली घेतली आणि ती निघून गेली. संध्याकाळी मी व्यवस्थापक बाईंना कळवलं, आणि त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. थांडेकाला स्वयंपाकघर वर्षभर बंद. खाली साक्षीदाराच्या नावासाठी एक रेघ होती. पेन टेकवताना माझा हात थांबला, कारण अशी रेघ मी पूर्वी एकदा भरली होती.

मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या सुट्टीत गावी आलो होतो. भर दुपारी आत्याच्या छपरावर धाड पडली. शिपायांनी उकिरड्यात पुरलेले डेरे उकरून काढले, काठ्यांनी फोडले, आणि ज्याला ते कागदावर रसायन म्हणत ते अंगणभर वाहून बाभळीच्या मुळापर्यंत गेलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक मिळाला होता. हवालदाराची नजर कुंपणापाशी उभ्या असलेल्या माझ्यावर गेली.

"ए चष्मेवाल्या, शिकलेला दिसतोस. ये हिकडं, सही कर. का ही कोण लागती तुझी?"

नात्यातला माणूस पंच होत नाही. एक शब्द बोललो असतो तर ती सही माझ्यावर आलीच नसती. पण तो शब्द बोललो असतो तर चारचौघांत मी तिचा झालो असतो.

"कुणी नाही," मी म्हणालो. "शेजारीण आहे."

आत्या दोन शिपायांच्या मध्ये उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हवालदाराला म्हणाली, "व्हय सायेब, शेजारचं पोरगं हाय. लई हुशार हाय. सही इंग्रजीत करतंय."

मी सही इंग्रजीत केली. आणि कॅन्ससमध्येही, त्या छापील कागदावर, तीच सही, तसल्याच वळणाने केली.

पुढच्या आठवड्यात मी खाद्याच्या दुकानातून एक पोतं मिलो आणली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावरून चढवली. थांडेकाने दार अर्धंच उघडलं.

"आमच्या आजीने शिपायाकडून कधी दाणे घेतले नाहीत," ती म्हणाली.

मग मी ते सांगितलं. धापा टाकत, पोतं खांद्यावर तसंच ठेवून, इंग्रजीत, कारण आमच्यात दुसरी भाषा नव्हती: की माझ्या आत्याची खानावळ नाही, तीसुद्धा हेच करायची, तिचेही डेरे फोडले, मी पाहिलं आहे. मला वाटलं होतं, हे ऐकून तिचा चेहरा बदलेल. तो बदलला, पण मला वाटलं होतं तसा नाही. आतापर्यंत ती माझ्यावर नुसती रागावलेली होती.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुला ठाऊक नव्हतं." आणि दार लागलं. आपटलं नाही, लागलं.

नंतरच्या दोन वर्षांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पदवी घेऊन ती गेली तेव्हा विभागातल्या प्रत्येकाचा तिने निरोप घेतला, माझा सोडून. तिने ती बिअर पुन्हा कुठे केली का, तिची आजी घरी परतली का, हे मला कधी कळलं नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार मी स्वतःच मोरीत ओतून दिला होता.

पोतं माझ्या खोलीत राहिलं. दार लागलं त्याच संध्याकाळी मी त्यातले चार मुठी दाणे भरडून, शिजवून, दही लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी खोलीत वास भरला तेव्हा खिडकी उघडायला उठलो, आणि अर्ध्यावर थांबलो. हा आंबिलीचा वास होता. देवीच्या नैवेद्याला आत्या हंडाभर आंबील करायची, ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालून, आणि त्या दिवशी ज्या घरांनी वर्षभर तिची सावली टाळली, त्या घरांतल्या बायका तांब्या घेऊन तिच्या दारात यायच्या. हंडा आणि डेरा एकाच भिंतीला टेकून असत. मी आयुष्यभर त्या भिंतीकडे पाठ करून नाक धरलं होतं. कुठला वास कुठून येतो, हे वळून पाहिलंच नव्हतं. वाटीभर आंबील पिऊन मी आत्याला लिहायला बसलो. माझी पत्रं तिला गावच्या पोस्टातले जाधव मास्तर वाचून दाखवत. पोस्टाच्या ओट्यावर चार माणसं असतातच, म्हणून आजवर मी चार माणसांनी ऐकावी अशीच पत्रं लिहीत आलो होतो: इथे थंडी आहे, अभ्यास चांगला चालला आहे, तब्येतीची काळजी घे. त्या दिवशीचं पत्र असं:

"तीर्थस्वरूप आत्यास, दत्तूचा शिरसाष्टांग नमस्कार.

जाधव मास्तर, हे पत्र हळू वाचू नका. ओट्यावर माणसं असतील तर असू द्या.

आत्या, इथे एका बाईने तिच्या गेलेल्या आजीसाठी ज्वारी आंबवली होती. मी ती ओतून दिली. थेंब न सांडता ओतली, कारण तुला ओतताना मी आपल्या अंगणात पाहिलं होतं. ती माझ्याशी बोलत नाही आणि तिचं बरोबर आहे. मी तिला सांगितलं होतं, की माझी आत्या खानावळ चालवते. इथे सगळ्यांना मी तेच सांगितलं आहे. ते खोटं आहे. माझी आत्या गोदावरी दारू गाळायची आणि त्यावर मी शिकलो.

तुझे डेरे फोडले त्या दिवशी हवालदाराने विचारलं, ही तुझी कोण, आणि मी शेजारीण म्हणालो. तू होय म्हणालीस. दोन दिवसांनी तुला सोडलं, तू घरी आलीस, अंघोळ केलीस, मला भाकरी वाढलीस आणि विचारलंस, सही नीट आली का रे. मी म्हणालो, आली. त्याच्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

मला एक विचारायचं आहे. त्यांनी सगळं फोडून टाकल्यावर तू पुन्हा डेरा कधी घातलास? मी कॉलेजला परत गेलो, मला ते माहीत नाही. तेव्हा कुणी येऊन काही बोलायला हवं होतं असं तुला वाटलं का, की कुणी दारात येऊच नये असं वाटलं? मला ते कळायला हवं, कारण इथे एक दार आहे आणि त्याच्यासमोर काय करायचं ते मला समजत नाही. तू जे सांगशील ते मास्तरांकडून लिहवून घे. नाही सांगितलंस तरी मी समजेन.

मास्तर, ओट्यावर कुणी विचारलं की ही बाई या मुलाची कोण, तर सांगा, आत्या आहे. सख्खी आत्या.

तुझा,
दत्तू

सही या वेळी मराठीत केली आहे. कुठे आहे ते मास्तर बोट ठेवून दाखवतील."